सौंदत्तीचे तिरके थर की बदामीचे आडवे थर?

बेळगावहून एकाच दिवसात कलादगी खोऱ्याचे, म्हणजे फार जुन्या काळी गाळ साठत गेलेल्या खोलगट भागाचे, थर बघायचे असतील तर माझं मत सौंदत्तीला. यल्लम्माला आपली माणसं जातातच, पण नविलुतीर्थाला मलप्रभेनं डोंगर चिरलाय तिथं कोण थांबत नाही. तिथला क्वार्टझाइट (वाळूचा घट्ट झालेला कठीण दगड) या खोऱ्यातल्या खालच्या थरांच्या संचातला, म्हणजे बागलकोट गटातला, म्हणजे अब्जभर वर्षांपेक्षा जुना, नंतर दाबानं घड्या पडून कललेला.

या गटाची जाडी सगळी मिळून 4 किलोमीटरच्या आसपास भरते, आणि वाळूवरच्या लाटांच्या खुणा, स्ट्रोमॅटोलाइट (सूक्ष्मजीवांनी बनवलेले थरथर दगड) हे सगळं उथळ पाण्यातलं, मग एवढा गाळ मावला कसा? तर तळच हळूहळू खचत गेला, गाळ पडतोय तसा तळ खाली जातोय, म्हणून पाणी उथळच राहिलं. मला तर हे अजून पण भारी वाटतं.

बदामी गट, म्हणजे वरचा संच, त्यामानानं पातळ, 300 मीटरच्या आसपास, कारण तेव्हा खचणं थोडंच झालं. थर जवळजवळ आडवे, घड्या नाहीत. पण लेण्यांच्या खांबावर नीट बघा, वाळूच्या तिरक्या रेघा दिसतात, त्यावरनं जुन्या प्रवाहाची दिशा कळते. सुंदर आहे, पण खचण्याची गोष्ट तिथं अर्धीच कळते.

दोन्ही एकत्र पाहिजेत तर रामदुर्ग भागात जावा, तिथं कललेल्या थरांची झिजलेली टोकं खाली आणि त्यांच्यावर बदामीचे आडवे थर, मधला कोट्यवधी वर्षांचा काळ गायब!