पुण्याहून इंदूरला मागवलेला जुना टेक्निक्स टर्नटेबल: चार स्टार, आणि त्यातले तीन पॅकिंगचे

वस्तू म्हणजे टेक्निक्स एसएल-१२०० एमके२, रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल (यालाच डेक म्हणतात), सिल्व्हर, वापरलेला. विकणारा पुण्याचा मुलगा, दुकान-बिकान काही नाही, नोकरी सांभाळून घरीच जुने डेक आणि अ‍ॅम्प दुरुस्त करतो आणि ऑनलाइन विकतो. त्यानेच सांगितलं की काका नाव-नंबर कुठे टाकू नका, फोन थांबतच नाहीत मग, म्हणून टाकत नाहीये. पण इंदूरात बसून अशी वस्तू मागवणाऱ्याला उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे जुन्या रेकॉर्ड पुष्कळ घरांत पडून आहेत, इंदूरजवळच्या पिगडंबरला तर अख्खं रेकॉर्डचं संग्रहालय आहे, आमच्याकडेही वडिलांनी जमवलेल्या अमीरखाँसाहेबांच्या एलपी आहेत. वाजवायला धड डेक मात्र गावात मिळता मिळत नाही, आणि मिळाला तर एचएमव्हीचा जुना पोर्टेबल, ज्याची सुई रेकॉर्डवर ठेवायची हिंमत होत नाही. म्हणून बाहेरून मागवणं आलं.

हेच मॉडेल का, तर एमके२ १९७९ मध्ये आलं आणि ही मालिका थेट २०१० पर्यंत बनत राहिली, त्यामुळे पार्ट अजून मिळतात. गोची अशी की जगभरच्या डीजे लोकांनी हाच डेक वापरला, म्हणजे बाजारात फिरणारे बरेच पीस क्लबात रगडून निघालेले असतात. फोटोत सगळेच चकाचक दिसतात. पिच स्लायडर (स्पीड कमी-जास्त करायची पट्टी) आणि आर्मचं (सुई धरणाऱ्या दांडीचं) बेअरिंग काय म्हणतंय ते फोटोत कळत नाही.

याच्याआधी दिल्लीच्या एकाशी बोलणं चालू होतं. त्याला म्हटलं व्हिडिओ कॉलवर चालू करून दाखवा, तर रोज नवीन बहाणा, कधी लाइट गेली, कधी माल गोदामात. मग एक दिवस क्यूआर पाठवला, म्हणे हा स्कॅन करून पिन टाका म्हणजे तुमच्या खात्याची खात्री पटते, मी एक रुपया पाठवून बघतो. अरे बाबा, यूपीआयमध्ये पैसे घ्यायला ना क्यूआर स्कॅन करावा लागतो ना पिन, पिन टाकला की पैसे जातातच. तिथेच ब्लॉक केला. कुणाचे गेलेच तर लाजत बसू नका, सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

पुण्याच्या मुलाने स्वतःहून विचारलं, "काका, कॉल कधी करू?" आणि कॉलवर काय काय बघायचं तेही त्यानेच सांगितलं. आधी प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची थाळी, फिरवला आणि कॅमेरा अगदी कडेला नेला. प्लॅटरच्या काठावर ठिपक्यांच्या ओळी असतात आणि बाजूला लाल स्ट्रोब लाइट, पिच शून्यावर असताना मोठ्या ठिपक्यांची ओळ जागच्या जागी उभी दिसली पाहिजे. डोलत असेल किंवा हळूहळू सरकत असेल तर स्पीडमध्ये भानगड. इथे ठिपके एकदम गप उभे, मग त्याने स्लायडर थोडा सरकवला तसे पळायला लागले, परत शून्यावर आणला की थांबले. मग हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचा सुईवाला भाग, दोन बोटांत धरून अलगद हलवून दाखवलं, आर्मच्या सांध्यात कटकट आली की बेअरिंग ढिलं. मग दोन्ही चॅनेल वेगवेगळे ऐकवले. आणि न विचारता सांगितलं की आरसीएची केबल (आवाज अ‍ॅम्पपर्यंत नेणारी) मूळचीच आहे, कधी ना कधी बदलावी लागेल. मला हे फार आवडलं, नाहीतर सगळ्यांच्या जाहिरातीत "मिंट कंडिशन, सिंगल ओनर" एवढंच असतं.

व्होल्टेजचं सगळ्यात आधी विचारा. जपानच्या घरगुती बाजारातले पीस १०० व्होल्टचे असतात, आपल्या २३० वर थेट लावला की संपलं, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. अमेरिकेतून आलेल्या जुन्या बेल्टच्या डेकांना आणखी एक दुखणं, त्यातल्या सिंक्रोनस मोटरचा स्पीड लाइनच्या हर्ट्झवर ठरतो. ६० हर्ट्झवाली मोटर आपल्या ५० वर लावली की मिनिटाला ३३ फेऱ्यांचा स्पीड २८ च्याही खाली जातो आणि गाणारा झोपेत गातोय असं वाटतं, ट्रान्सफॉर्मर लावून तो प्रश्न सुटत नाही. एमके२ सारख्या क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हला, जिथे बेल्ट नसतो आणि स्पीड क्वार्ट्झचा क्रिस्टल ठरवतो, हे झंझट नाही. माझा पीस २३० वालाच, मागची प्लेट त्याने फोटो काढून पाठवली.

पैसे अर्धे आधी, अर्धे पॅकिंगचा व्हिडिओ बघून. हा व्हिडिओ मी नंतर कितीतरी जणांना दाखवलाय. आधी रबर मॅट काढली, मग प्लॅटरला दोन भोकं असतात त्यात बोटं घालून तो सरळ वर उचलला. बरेच विकणारे प्लॅटर तसाच ठेवून पॅक करतात. प्लॅटर जड, त्यात खाली चुंबकाचं कडं, गाडी खड्ड्यात आपटली की तो उड्या मारत मधल्या स्पिंडलवर हातोडा घालत राहतो आणि बेअरिंगची वाट लागते. मग आर्मच्या मागचं काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) फिरवून काढलं, हेडशेल सुईसकट काढून छोट्या डबीत, आर्म रेस्टवर क्लिप करून वरून मऊ दोरा बांधला. झाकण बिजागरीतून सुटं केलं, फोममध्ये गुंडाळून वेगळं ठेवलं. प्लॅटर सगळ्यात खाली, त्यावर थर्मोकोलची पाटी, त्यावर डेक. हा आतला बॉक्स. मग तो बाहेरच्या मोठ्या बॉक्समध्ये, चारी बाजूंनी आणि खालीवर दोन-दोन इंच थर्मोकोल ठासून. शेवटी बॉक्स उचलून कानाजवळ हलवला, आतून चूं नाही.

आता भाड्याचं. कुरियरवाला नुसतं वजन बघत नाही, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००, ते आणि खरं वजन यात जे जास्त असेल ते लावतो. डेक साडेबारा किलोच्या आसपास, पण ६० बाय ५० बाय ३५ चा बॉक्स झाला की हिशेब २१ किलोचा. काही लोक तेवढ्यासाठी छोट्या बॉक्समध्ये कोंबतात आणि मग रडतात. मी म्हटलं पुणे-इंदूर स्लीपर बसने पाठव, एकदा चढवायचं एकदा उतरवायचं, मधे चार गोदामांत आपटाआपटी नाही. सेंधव्याजवळ बिजासनच्या घाटात हिसके बसतात ते बसतातच, पण ते सगळ्यांनाच. बसच्या पार्सलला इन्शुरन्स वगैरे काही नसतो, बिल्टीवर (पार्सलच्या पावतीवर) छापलेलंच असतं की जोखीम मालकाची, ते धरूनच चाला. महागाचा अ‍ॅम्प वगैरे असेल तर किंमत लिहून इन्शुरन्सवाल्या कुरियरनेच पाठवा.

सकाळी सरवटे बस स्टँडजवळच्या ऑफिसात घ्यायला गेलो तर बॉक्स आडवा पडलेला, वर टायरचं पोतं. मी म्हटलं, "भिया, तीर बना है, ऊपर की तरफ रखना था।" तो बॉक्सकडे नीट बघून म्हणाला, "तीर तो दरवाजे की तरफ है भिया, हमने समझा उधर से निकालना है।" आता काय बोलणार. एक कोपरा चेपलेला होता, तो फोटो काढून बिल्टीवर "कोना दबा हुआ" असं लिहून घेतलं आणि मगच सही केली. सही आधी केली की नंतर कुणी ओळख देत नाही. घरी बॉक्स न कापता आधी चहूबाजूंनी व्हिडिओ, मग एकाच शॉटमध्ये उघडला. आतल्या बॉक्सला ओरखडासुद्धा नाही.

जोडायला तो मुलगा संध्याकाळी कॉलवर होता, काउंटरवेट लावून आर्म हवेत तरंगती कशी करायची, मग काट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर लिहिलेलं वजन कसं द्यायचं, पाय फिरवून लेव्हल कसं करायचं, सगळं शांतपणे, बायकोने दोनदा जेवायला बोलावलं तरी याची घाई नाही.

एक स्टार का कापला, तर सुईवर उजेड पाडणारा जो छोटा वर येणारा दिवा असतो तो पेटतच नाही आणि हे त्याने सांगितलं नव्हतं. कळवल्यावर दुसरा पाठवतो म्हणाला, पाठवलाही, पण मेसेजला उत्तर यायला दोन-दोन दिवस. शिवाय सोबत आलेलं काट्रिज एकदम साधं, त्याचे वेगळे पैसे धरायला नको होते.

स्पीकर मात्र मी त्याच्याकडूनही असे मागवणार नाही. जुन्या वूफरची कडेची फोम पंधरा-वीस वर्षांत भुगा होते, आणि पार्सल जोरात आपटलं तर चुंबक सरकून कॉइल घासायला लागते, बाहेरून काहीच दिसत नाही. त्याला विचारलं तर तोच म्हणाला, "काका, स्पीकर मी पाठवतच नाही. पुण्याला कधी आलात तर घरी या, ऐका, पटलं तर तुमच्याच गाडीत ठेवून देतो." दिवाळीनंतर पुण्याला जाणं आहेच.