जुन्या मफलरला गोंडे लावायचे की भरतकाम करायचं?

दिवाळी उरकली की माळ्यावरची लोकरीच्या कपड्यांची पिशवी खाली येते. डांबराच्या गोळ्यांचा वास घर भरून राहतो आणि माकडटोप्यांखालून हातविणीचा एखादा मफलर निघतो. तो टाकवत नाही आणि घालवतही नाही. रंग उतरलेला, मधे ताणलेला, पण विणणारे हात ओळखीचे. त्याला नवं रूप द्यायचं तर दोन सोप्या वाटा आहेत: टोकांना गोंडे किंवा अंगावर भरतकाम.

माझं मत आधीच सांगते. मफलर धडधाकट असेल आणि तुम्ही हे पहिल्यांदाच करत असाल, तर गोंडे. त्याला कसर लागून भोकं पडली असतील, तर भरतकाम. बाकीचं सगळं तुमच्या मफलरच्या विणीवर आहे.

गोंड्यांचा मोठा गुण म्हणजे चूक झाली तर ओढून काढता येतात. मूळ विणकामाला धक्का लागत नाही. आपण सरसकट गोंडे म्हणतो, पण त्यात दोन प्रकार येतात. उपरण्याला असतात तशा दशा, म्हणजे चार धाग्यांची जुडी दुमडून, काठाच्या टाक्यातून क्रोशाच्या सुईनं ओढून, तयार झालेल्या फासातून टोकं बाहेर काढायची. दुसरा खरा गोंडा, पुठ्ठ्यावर लोकर गुंडाळून, वर बांधून, खाली कापून केलेला. तो जड असतो. चार कोपऱ्यांना चार लावले तर शोभतात, पण काठभर लावले तर आधीच ताणलेला मफलर आणखी लोंबतो. मी दशांच्या बाजूची आहे.

लोकर किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. मफलर २० सेंमी रुंद धरला आणि दर २ सेंमीवर एक जुडी घातली, तर एका टोकाला ११, दोन्ही टोकांना २२ जुड्या. प्रत्येक जुडीत ३० सेंमीचे चार धागे, म्हणजे साधारण साडेसव्वीस मीटर लोकर. मध्यम जाडीच्या ५० ग्रॅमच्या गुंडीत शंभराच्या वर मीटर असते, त्यामुळे मागच्या स्वेटरची उरलेली गुंडीसुद्धा पुरते. एक संध्याकाळ बसलं की काम संपतं. साडीच्या पदराला गोंडे लावणाऱ्या ताईंकडे मफलर देण्याचा मोह होईल, तो टाळा. तो बारीक रेशमी दोरा सैल लोकरीच्या काठात रुततो आणि काठ चुणतो.

भरतकामाचं गणित वेगळं. हातविणीचं कापड फासांचं बनलेलं असतं, म्हणून ते ताणतं. भरतकामाचा दोरा ताणत नाही. या एका गोष्टीकडे मी दुर्लक्ष केलं आणि वडिलांच्या मरून मफलरवर सॅटिनच्या भरीव टाक्यानं गुलाब भरला. रिंगमध्ये कापड ताणून बसवलं होतं, तेव्हा गुलाब देखणा दिसला. रिंग काढल्यावर तोच भाग भाजलेल्या पापडासारखा आक्रसला. उसवताना दोऱ्याबरोबर लोकरीचे तंतू निघाले ते वेगळंच. तेव्हापासून रिंग नाही, भरीव टाका नाही. साखळी टाका थोडा सैल घातला तर विणीबरोबर हलतो. दोऱ्याऐवजी लोकरच वापरावी, सुई मोठ्या नेढ्याची आणि बोथट टोकाची असावी, म्हणजे ती मूळ धागा चिरत न जाता फासांमधून वाट काढते.

त्याहून चांगली युक्ती म्हणजे विणीवरून वीण काढणं. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा साध्या विणीत समोरून इंग्रजी व्हीसारखे टाके दिसतात. वेगळ्या रंगाची लोकर सुईत ओवून त्या प्रत्येक व्हीच्या वाटेनंच जायचं. नक्षी विणतानाच घातली होती असं वाटतं. फक्त चौकटीच्या कागदावरची नक्षी जशीच्या तशी उचलू नका. विणीचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो. मध्यम लोकरीत १० सेंमीमध्ये सुमारे २२ टाके आणि २८ ओळी बसतात, त्यामुळे कागदावरचा २० बाय २० चा चौकोन मफलरवर ९ सेंमी रुंद आणि ७ सेंमी उंच येतो. मोर काढायला जावं आणि बदक व्हावं, तसं.

भरतकामाची खरी अडचण मात्र उलटी बाजू. स्वेटरची आतली बाजू कुणी बघत नाही. मफलर गळ्याभोवती फिरतो, पिळतो, आणि गाठी, लोंबते दोरे सगळ्यांना दिसतात. इथे कर्नाटकी कशिद्याकडून शिकावं. त्यातला गवंती टाका म्हणजे दुहेरी धावदोरा: जाताना एक सोडून एक टाका, परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या, गाठ कुठेही मारायची नाही. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. काठाजवळ त्याची एक साधी नागमोडी ओळ घातली तरी पुरे, सगळा मफलर भरण्याची हौस कशाला?

भोकं असतील तर निवड उरतच नाही. आधी सुटलेले फास दोऱ्यात पकडा, भोक रफू करा आणि वर छोटं फूल किंवा पान काढा. गोंडे मधलं भोक झाकू शकत नाहीत. याउलट वीण दोन सुलट, दोन उलट अशी स्वेटरच्या पट्टीसारखी असेल, तर नक्षी खाचांत बुडते. तिथे गोंडेच बरे. साध्या विणीची टोकं गुंडाळी होत असतील, तर दशांच्या वजनानं ती थोडी सरळ राहतात, पूर्ण नाही.

धुण्याबद्दल एवढंच की गोंडे मशीनमध्ये गुंततात आणि गडद लाल दोरा रंग सोडू शकतो. तो आधी ओल्या पांढऱ्या कापडात दाबून बघा. लोकर खरी की ॲक्रिलिक हे कळत नसेल तर एक तुटका तंतू चिमट्यात धरून जाळा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख चुरता येते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली तर भरतकामासकट सगळं चपटं होईल.

आणि तुम्ही मफलर स्कूटरवर घालणार असाल, तर लांब दशांचा विचार सोडा. नर्तिका इसाडोरा डंकन १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात जिवानिशी गेली ती तिचा लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकल्यानंच. तान्ह्या बाळाच्या कपड्यालाही गोंडे नकोत, ते आधी तोंडात जातात.

दोन्ही करायचं ठरलंच, तर क्रम पाळा: आधी धुऊन सपाट वाळवा, मग भरतकाम, आणि सगळ्यात शेवटी गोंडे. आधी लावलेले गोंडे भरतकाम करताना सुईत अडकत राहतात.