पॉप्लरची बॉडी काढून स्वॅम्प अ‍ॅशची बसवली: सहा महिन्यांचा अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं, आज बसलोय तर सगळंच सांगतो. माझ्याकडे इंडोनेशियात बनलेली स्ट्रॅट टाइप (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी) इलेक्ट्रिक गिटार आहे, पॉप्लरची बॉडी, तीन सिंगल कॉइल (एकेरी गुंडाळीचे) पिकअप, पाच वर्षं तिच्यावरच वाजवतोय. आणि पाच वर्षं कानावर एकच पडतंय, पॉप्लर म्हणजे स्वस्तातलं लाकूड, टोन पाहिजे तर अ‍ॅश घे नाहीतर आल्डर घे. शेवटी बाहेरून स्वॅम्प अ‍ॅशची तयार बॉडी मागवली, ड्यूटी धरून २१ हजार पडले, म्हणजे अख्ख्या गिटारच्या किमतीच्या जवळपास.

आधी बॉडीबद्दल. फिनिश सुंदर आहे, यात वाद नाही. ग्रेन (लाकडाच्या रेषा) असा उठून दिसतो की वाजवायचं सोडून बघत बसावं. पण विकणाऱ्याने 'लाइटवेट' लिहिलं होतं आणि घरच्या वजनकाट्यावर भरली २.४ किलो, माझी पॉप्लरची १.९ आहे. म्हणजे गिटार ३.४ वरून ३.९ किलोवर गेली, आणि हा अर्धा किलो दोन तास उभं राहून वाजवलं की खांद्याला बरोब्बर कळतो. तक्रार केली तर उत्तर आलं की लाकडात एवढा फरक असतोच, परत घेणार नाही. खरा स्वॅम्प अ‍ॅश हलका असतो तो अमेरिकेच्या दक्षिणेला दलदलीत, पुराच्या पाण्यात वाढलेल्या झाडांच्या खालच्या भागातला, कोरड्या जमिनीवरचा अ‍ॅश चांगलाच जड असतो. त्यात एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या किड्याने तिकडची अ‍ॅशची झाडं संपवत आणलीयेत, खुद्द फेंडरने २०२० मध्ये अ‍ॅशचा वापर मोजक्याच मॉडेलपुरता ठेवणार असं सांगितलं. त्यामुळे नावावर जाऊ नका, पैसे द्यायच्या आधी काट्यावर ठेवलेल्या त्याच बॉडीचा फोटो मागा.

आता टोन. पहिल्या दिवशी अ‍ॅम्पला लावली आणि मी उडालोच, काय तो स्नॅप, काय ती ट्रेबल! दोन दिवस सगळ्यांना फोन करून सांगत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की जुन्या बॉडीवर दोन महिने वाजवलेल्या ०९ च्या (बारीक) तारा होत्या आणि नवीनवर मी कोऱ्या करकरीत १० च्या (जरा जाड) चढवल्या होत्या, आणि पिकअप बसवताना ते तारांच्या सुमारे एक मिलिमीटर जास्त जवळ आले होते. असं करून तुलना होत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं.

मग एक अख्खा रविवार घालवला. एकाच कंपनीचे ०९ चे दोन कोरे सेट, तीच नेक (गिटारचा दांडा), तेच पिकअप, तोच ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग). शेवटचा फ्रेट (नेकवरची आडवी धातूची पट्टी) दाबून स्टीलच्या पट्टीने पिकअपची उंची मोजली, दोन्ही बॉडींवर सारखी ठेवली. बदलायला दर वेळी दीड तास लागतो, सोल्डरिंग आलं, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागेल असं जुळवणं) आलं. अ‍ॅम्पशिवाय थेट इंटरफेसमध्ये (गिटार कंप्युटरला जोडायचा डबा) तेच चार रिफ (छोट्या धुना) रेकॉर्ड केले आणि नावं न सांगता बँडमधल्या तिघांना ऐकवले. कुणालाच धड ओळखता आलं नाही, आमचा बेसिस्ट तर पॉप्लरलाच छातीठोकपणे अ‍ॅश म्हणाला. मी स्वतः डोळे मिटून ऐकलं, मलाही जमलं नाही.

पण वायर न लावता वाजवलं तर फरक आहे, आणि चांगला आहे. अ‍ॅश मोठ्याने वाजते, खालची ई तार मोकळी छेडली की बरगड्यांपर्यंत थरथर येते. हे जाणवलं की हात वेगळा चालतो, हे मी मनापासून सांगतोय. फक्त ती थरथर पिकअपला ऐकू येत नाही हो, पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि तांब्याची गुंडाळी, त्याला समजतं ते स्टीलच्या तारेचं हलणं. लाकूड फार तर तारेची थोडी ताकद ओढून घेणार, ब्रिजमधून आणि नेकमधून, आणि त्यातही नेकचा वाटा जास्त दिसतो. माझ्या जी तारेवर सातव्या फ्रेटच्या आसपास नोट पटकन मरते, अ‍ॅशवरही बरोबर तिथेच मेली, कारण नेक तीच!

ह्या नेकचा फ्रेटबोर्ड (जिच्यावर बोटं टेकतात ती लाकडी पट्टी) इंडियन लॉरेलचा आहे. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन हो, सह्याद्रीत ट्रेकला गेलं की मगरीच्या पाठीसारख्या सालीचं झाड दिसतं ना, तोच. २०१७ ला शिसवासकट रोजवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले तेव्हा कंपन्या ह्याच्याकडे जास्त वळल्या, २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली तरी स्वस्त गिटारवर ऐन टिकून आहे. माझा फ्रेटबोर्ड जरा कोरडा पडतो, सहा महिन्यांनी थोडं तेल लावलं की झालं.

मेहॉगनी 'वॉर्म' असते म्हणतात, पण ती आपण ऐकतो कशात, तर गिब्सनच्या लेस पॉल गिटारमध्ये. १९५२ पासून मेहॉगनीवर मेपलचा टॉप, १९५७ पासून हंबकर (दुहेरी गुंडाळीचा पिकअप), पावणेपंचवीस इंचाची स्केल (तारेची वाजणारी लांबी), चिकटवलेली नेक. एवढं सगळं वेगळं असताना श्रेय एकट्या लाकडाला कसं द्यायचं? फेंडरने १९५० ला अ‍ॅश घेतला आणि १९५६ च्या सुमारास बहुतेक स्ट्रॅट आल्डरवर नेल्या, आल्डर सहज मिळायचा आणि त्याची छिद्रं भरत बसावं लागत नाही. १९६९ मध्ये अ‍ॅम्पेगने डॅन आर्मस्ट्राँगची चक्क पारदर्शक प्लास्टिकची गिटार काढली, ती पण मस्त वाजते. बासवुडलाही लोक नावं ठेवतात, पण गिटारिस्ट स्टीव्ह वायच्या सुरुवातीच्या जेम आणि जो सॅट्रियानीच्या बऱ्याच जेएस गिटार बासवुडच्याच. बासवुडचा खरा त्रास म्हणजे मऊपणा, धक्का लागला की खड्डा पडतो, स्क्रूची भोकं सैल होतात. सागाचं विचाराल तर टिकेल खूप, पण जड, आणि तेलकट असल्याने ग्लू धरताना त्रास देतो.

तरीही बॉडी बदलायचीच असेल तर नेक पॉकेटची (नेक बसते त्या खाचेची) रुंदी (साधारण ५६ मिमी) आणि ट्रेमोलोच्या (दांडी दाबून सूर हलवणाऱ्या ब्रिजच्या) भोकांमधलं अंतर आधी मोजा. काही स्वस्त गिटारच्या बॉडी पातळ असतात, त्यांचा ट्रेमोलो ब्लॉक नव्या जाड बॉडीत आखूड पडतो. माझा पॉकेट किंचित सैल निघाला, वरची ई तार फ्रेटच्या कडेवरून घसरायची, लुथियरकडे (गिटार बनवणारा-दुरुस्त करणारा) नेऊन नेक सरळ करून घेतली तेव्हा थांबली.

गेल्या महिन्यात नेक परत पॉप्लरवर चढवली आणि साडेसहा हजारात नवीन पिकअपचा सेट आणि पॉट्स (आवाज आणि टोन कमी-जास्त करायच्या बटणांचे भाग) टाकले. ह्या वेळी रेकॉर्डिंग ऐकवलं तर तिघांनीही पहिल्या रिफलाच विचारलं, काय बदललंस रे? अ‍ॅशची बॉडी विकणार नाहीये मी. कपाटावर ठेवलीये, अजून एक बरी नेक मिळाली की हंबकर घालून घरी वाजवायला दुसरी गिटार बांधणार.