टॉर्च मीच धरली होती : टर्बोचं बूस्ट वाढवायच्या नादात 2,37,400 रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकतो, 2,37,400 रुपये. घरी अजून नव्वद हजारच सांगितलेत.

गाडी 2005 ची ऑक्टाव्हिया आरएस, 1.8 टर्बो, मूळची 150 बीएचपी. एअर फिल्टर आणि सायलेन्सर सोडला तर सगळं कंपनीचं. साताऱ्यात पोवई नाक्यावर थांबलं की पोरं खिडकीत डोकं घालून विचारतात, "काका, चिप केलीय का?" त्यातलं 'काका' पण लागलं आणि 'केलीय का' पण.

मी काही अडाणी माणूस नाही. या इंजिनात त्याच टर्बोवर बूस्ट (टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब) बेताने वाढवून नीट रीमॅप केलं, म्हणजे ईसीयूचं, इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललं, तर 190 च्या आसपास निघतात, हे कित्येकांनी करून झालंय. मी 400 मागितले नव्हते. माझी मागणी वाजवीच होती, हे आधी लक्षात घ्या.

ट्यूनर पुण्याचा. महिन्यातून एका शनिवारी साताऱ्यात 'कॅम्प' असतो म्हणायचा. 45,000 ठरले. 20,000 यूपीआयने आगाऊ, 25,000 रोख. "रोख द्या दादा, जीएसटी वाचतो." जीएसटी वाचला, आणि तोही वाचला. पावती नाही. रोख मागणाऱ्याला तिथूनच परत पाठवा, दुसरं काही तपासायची गरज नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री उठून बसतो.

माझा धंदा एअर कॉम्प्रेसर दुरुस्तीचा. वीस वर्षं एमआयडीसीत हेच करतोय. गेज लावल्याशिवाय मी साधी टाकीसुद्धा चालू करू देत नाही. तर हा माणूस लॅपटॉप सात मिनिटं लावून बसला, मग "आता फक्त अ‍ॅडजस्टमेंट" म्हणत बॉनेटखाली वाकला. खिशातून पितळेचा छोटा व्हॉल्व्ह काढला. टर्बोपासून वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरला जाते ती होज कापली आणि व्हॉल्व्ह मध्ये बसवून झिप टायने आवळला. मी विचारलं, "सॉफ्टवेअरचं काम ना? मग हे काय?" तो म्हणाला, "किटमध्येच येतं दादा, सॉफ्टवेअर त्यालाच बोलतं."

पितळेचा सुईव्हॉल्व्ह सॉफ्टवेअरशी बोलतो! तसले व्हॉल्व्ह माझ्या ड्रॉवरमध्ये डझनभर पडलेत, आजवर एकही बोललेला नाही. बॉनेटखाली अंधार होता म्हणून मोबाईलची टॉर्चही मीच धरली होती. हाताला चटका बसत होता तरी हलवली नाही.

त्या होजमधून येणारा दाब ठरावीक झाला की वेस्टगेट उघडतं आणि जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. मध्ये थोडी हवा गळवली की अ‍ॅक्च्युएटरला खरा दाब कळतच नाही, वेस्टगेट मिटून राहतं, बूस्ट चढत जातं. ईसीयूने मात्र ते मागितलेलं नसतं. इंजेक्टरची ताकद संपली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), नॉक सुरू होतो, म्हणजे मिश्रण सिलिंडरमध्ये आपोआप भडकायला लागतं. नॉक सेन्सर स्पार्क मागे घेतो, पण किती घेणार? त्यात टाकीत साधं 91 ऑक्टेन. "चालतंय की" म्हणाला होता.

डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या रोलर मशीनचा कागदही दिला, 192 बीएचपीचा. गाडी डायनोवर चढलीच नव्हती, तर म्हणे 'व्हर्च्युअल'. कागदावर हवेचं तापमान 24 अंश, आणि आम्ही एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये घामाने निथळत उभे. आलेख 7,500 आरपीएमपर्यंत गेलेला. माझं इंजिन तिथवर फिरतच नाही! हे मी घरी येऊन वाचलं आणि तरी फ्रेम करायला टाकलं. हसा.

पहिले अकरा दिवस गाडी खरंच पळाली, हे मान्य करतो. बाराव्या दिवशी मेव्हण्याला दाखवायला यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबून धरला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. मला वाटलं, पॉवरचा आवाज असेल. दोन वळणांनंतर मागे निळा धूर, आणि ऑइल मोजायची डिपस्टिक उडून बाहेर.

टोइंग 3,500. कॉम्प्रेशन टेस्ट 1,500 : चारपैकी तीन सिलिंडरना 11 बारच्या आसपास, तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरला 4. पिस्टनची रिंगांमधली कडच तुटलेली. इंजिनकाम 1,87,400. ईसीयू वाचून बघितला तर फाइल कंपनीचीच, एक अक्षर बदललेलं नाही. मूळ फाइलची आणि नव्या फाइलची कॉपी मागून घ्या. देत नसेल तर समजा.

इथून पुढची मजा वेगळीच. पोलीस ठाण्यात गेलो, म्हटलं चारशेवीस आहे. ठाणे अंमलदार म्हणाले, "ते आता 318 झालं." कलमाचा नंबर सुधारला, तक्रार नाही घेतली. काम करून दिलंय म्हणजे दिवाणी मामला, पावती कुठाय, रोख का दिले. मग चष्म्यावरून बघत, "गाडीत बदल तुम्हीच करून घेतला ना? आरटीओची परवानगी? लिहू का तेही?" फसलो मी आणि घाम मलाच! दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांकडे गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी 'पुण्यात पैसे गेले तर पुण्यात जा.' पैसे साताऱ्यात गेले हो, माझ्याच शेडमध्ये! पुण्याच्या ठाण्यात उलटा निरोप, घटना साताऱ्याची. चार चकरा, टोलसकट. सायबरवाल्यांनी सांगितलं की यूपीआय तुम्ही स्वतःच्या मर्जीने केलंय. विमावाला तर फोनवर हसला, "यांत्रिक बिघाड कव्हर नसतो साहेब, आणि मॉडिफिकेशन कळवलं होतं का?"

ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. पण पुरावा एवढाच : 20,000 चा यूपीआय आणि 'ओके दादा' लिहिलेले मेसेज.

तुम्हाला करायचंच असेल तर आधी होजांची गळती तपासा, प्लग नवे घाला, गॅप थोडी कमी ठेवा. वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं गेज) लावल्याशिवाय बूस्टला हात लावू देऊ नका. पूर्ण बूस्टवर मिश्रण 12 च्या आसपास हवं (एक भाग पेट्रोलला 12 भाग हवा), 13 च्या वर चढलं की पाय उचला. थोडं थोडं वाढवायचं, दर वेळी लॉग बघायचा. आणि "गेज कशाला, मी आहे ना" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

त्याचा नंबर अजून चालू आहे, माझा ब्लॉक केलाय. मेव्हण्याच्या फोनवरून त्याचं स्टेटस बघतो. परवा माझ्याच गाडीचा व्हिडिओ टाकला होता, नंबरप्लेट पुसून. खाली लिहिलेलं, 'सातारा, स्टेज 1, हॅपी कस्टमर'. डावा फॉगलॅम्प तडकलेली चंदेरी आरएस कुणी दाखवली, तर ती माझी. सध्या विटांवर उभी आहे.