कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० चे स्पार्क प्लग : साधे आणि इरिडियम, दोन्ही वापरल्यानंतर

हा अनुभव कार्ब्युरेटर आणि पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) जुन्या ८०० चा आहे. इंजिन ७९६ सीसी, सिलिंडर तीन. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीला यातलं बरंचसं लागू नाही. तिच्या प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ते अंतर, तोसुद्धा वेगळा असतो.

आधी निकाल. रोजच्या गाडीला एनजीकेचा साधा बीपीआर५ईएस पुरेसा आहे. इरिडियमचा बीपीआर५ईआयएक्स लावल्यावर थंड इंजिन थोडं लवकर पकडतं आणि सिग्नलला आयडलिंग जरा शांत वाटतं. ॲव्हरेजमध्ये मात्र जाणवेल असा फरक पडला नाही. तेवढ्या पैशात साधे प्लग, नवे पॉइंट, कंडेन्सर आणि हायटेन्शन वायरी असं सगळं येतं, आणि गाडी सुधारते ती त्यानेच. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. आयएक्स मालिकेत इरिडियम असतं फक्त मधल्या इलेक्ट्रोडच्या ०.६ मिमी टोकाला. वरची वाकडी पट्टी निकेलचीच असते आणि ती साध्या प्लगसारखीच झिजते, त्यामुळे ‘लाखभर किलोमीटर बघायला नको’ हे या प्लगबद्दल खरं नाही.

खरेदीला जाताना नंबर नीट वाचावा. ‘बी’ म्हणजे १४ मिमीचे आटे, ‘पी’ म्हणजे पुढे आलेलं चिनीमातीचं टोक, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, ‘ई’ म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे. मधला आकडा उष्णतेचा, आणि घोळ तिथेच होतो. एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. बॉशमध्ये बरोबर उलटं. म्हणून बीपीआर५ईएस च्या जागी डेन्सोचा डब्ल्यू१६ईएक्सआर-यू किंवा बॉशचा डब्ल्यूआर८डीसी येतो. बॉशचा ७ घेतलात तर तो एनजीकेच्या ६ च्या जोडीचा, म्हणजे आणखी थंड. नंबरच्या शेवटी ‘-११’ असेल तर गॅप १.१ मिमी ठेवलेला असतो. पॉइंटच्या इग्निशनला तो झेपत नाही. ओव्हरटेक करताना गाडी मिसिंग करते आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो.

५ की ६, हा प्रश्न गाडी कशी चालते यावर सोडवावा. प्लगच्या टोकाचं तापमान साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते. गावातल्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, त्यात पावसाळ्यात चोक ओढून स्टार्ट. अशा वापरात ६ नंबर तेवढा तापतच नाही. काही आठवड्यांत तो कोरडा काळा पडतो आणि सकाळी सेल मारत बसावं लागतं. तोच ६ नंबर एसी लावून, चार माणसं बसवून खंबाटकीसारखा घाट वारंवार चढणाऱ्या गाडीत चांगला चालतो. शहरासाठी ५ च घ्यावा.

गॅप ०.७ ते ०.८ मिमी. नवा प्लगही फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तपासावा, कारण खोक्यात आपटून पट्टी दबलेली असते. गॅप वाढवायचा तर फक्त वरची पट्टी उचलायची, मधल्या टोकाला पाना-पक्कड लावायची नाही. इरिडियमचं टोक तर गेज तिरकी घुसवली तरी तुटतं. एलपीजी किट असेल तर ०.७ च ठेवा. गॅसचं मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं.

बसवताना घाई नको. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की खर्च प्लगच्या कित्येक पट होतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लगभोवतीची धूळ हवेने उडवावी, मगच २१ चा प्लगपाना लावावा. नवा प्लग पेट्रोलच्या रबरी नळीच्या तुकड्यात खोचून बोटांनी फिरवावा: आटा तिरका लागला तर नळी प्लगवर घसरते, हेडचं नुकसान होत नाही. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने अर्धा फेरा, टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन-मीटर. जुनाच प्लग परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा जेमतेम बारावा हिस्सा फेरा पुरे. आट्यांना ग्रीस लावू नये. घर्षण कमी होऊन पाना नकळत जास्त आवळला जातो. वायरी एकेक करून बदलाव्यात. गल्लत झालीच तर फायरिंग क्रम १-३-२ आहे.

नकली प्लग ओळखायला मल्टीमीटर बरा. ‘आर’ असलेल्या प्लगच्या दोन टोकांमध्ये साधारण ३ ते ७.५ किलो-ओहम दिसायला हवं. शून्य आलं तर आत रेझिस्टरच नाही. अस्सल प्लगचा वॉशर हलवला तरी गळून पडत नाही.

रंग पाहायचा तो जोर लावून चालवल्यानंतर. आयडलिंगवर उभ्या गाडीचा प्लग काळाच दिसणार. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. तिन्ही काळे असतील तर चोकची केबल परत येते का ते पाहा, मग एअर फिल्टर. तिन्ही पांढरेफटक असतील तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात ऑक्सिजन असतो आणि कार्ब्युरेटरला ते आपोआप सावरता येत नाही, त्यामुळे रंग पूर्वीपेक्षा थोडा फिकट येणारच. पण टोकावर फोड किंवा वितळलेले मणी दिसले तर ठिणगीचं टायमिंग आणि मॅनिफोल्डची गळती लगेच तपासावी. एकच प्लग तेलकट असेल तर प्लग बदलून काही होणार नाही, त्या सिलिंडरचं व्हॉल्व्ह सील किंवा रिंग गेलेली असते. बाहेरच्या चिनीमातीवर धातूला लागून तपकिरी वलय दिसतं, त्याने घाबरायचं कारण नाही. उच्च दाबाच्या विजेने तिथे धुळीचे कण चिकटतात, ती गॅसची गळती नव्हे. काळी उभी रेघ असेल तर मात्र ठिणगी बाहेरून उतरते आहे. तेव्हा प्लग आणि त्याची टोपी दोन्ही बदला.

साधा प्लग १०,००० किलोमीटरला काढून गॅप पाहावा. छोटं इंजिन जास्त आरपीएमवर फिरतं, त्यामुळे मोठ्या गाडीचा १५-२० हजारांचा हिशेब इथे लावू नये.