सातव्या मजल्यावर फ्लश टँक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यातल्या एका सात मजली ऑफिस बिल्डिंगची देखभाल मी बघतो. वर्षभर सातव्या मजल्यावरून एकच तक्रार यायची, फ्लशला जोर नाही. पहिल्या मजल्यावर तसाच फ्लश व्हॉल्व (टँकशिवाय थेट पाइपलाइनमधून पाणी सोडणारा) दाबला की कमोड दणकून धुऊन निघायचा. वर मात्र पाणी नुसतं ओघळायचं. जेवणाच्या सुट्टीनंतर हाउसकीपिंगच्या मावशी बादली घेऊनच फिरायच्या. आम्ही दोनदा व्हॉल्वचं किट बदललं, फरक शून्य.

मग एका जुन्या प्लंबरने कमोडमध्ये एका दमात बादलीभर पाणी ओतलं. सगळं सपकन खाली गेलं. म्हणजे ड्रेनेज मोकळं होतं, कमी पडत होतं ते येणारं पाणी. त्याने जेट स्प्रेच्या कॉकला गेज लावला. बंद लाइनमध्ये अर्ध्या किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो) आतच प्रेशर, आणि शेजारचा फ्लश दाबताच काटा जवळजवळ शून्यावर. "साहेब, टाकी डोक्यावर आहे, हीच तर अडचण!" आम्हाला उलट वाटायचं, टाकी जवळ म्हणजे पाणी जोरात. पण दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर मिळतं, आणि आमच्या टाकीचा तळ सातव्याच्या व्हॉल्वपासून जेमतेम चार मीटर वर. फ्लश व्हॉल्वला काही सेकंदांत पाच-सहा लिटर पाणी थेट लाइनमधून ओढायचं असतं. ते येणार कुठून?

बूस्टर पंपाचा पर्याय होता. पण लाइट गेली की पुन्हा बादली, म्हणून मी भिंतीत बसणारे, पूर्ण फ्लशला सहा आणि अर्ध्याला तीन लिटर सोडणारे फ्लश टँक घेतले. यात पाणी आधीच साठलेलं असतं, लाइनचं प्रेशर फक्त भरायला लागतं. बसवल्या दिवसापासून, एक कमोड सोडला तर, जोराची तक्रार बंद.

कुरकुरीही आहेत. कमी प्रेशरमुळे टँक भरायला तीनेक मिनिटं लागतात, त्यामुळे दीड वाजता पाठोपाठ माणूस आला तर दुसऱ्याला अर्धाच फ्लश. उन्हाळ्यात टँकरचं पाणी सुरू झालं आणि चौथ्या महिन्यात दोन टँक भरेनासे झाले. टँकमध्ये पाणी भरणाऱ्या फिल व्हॉल्वच्या तोंडाशी नखाएवढी जाळी असते, ती बारीक वाळूने बुजली होती. आता दर महिन्याला धुतो. एका टँकचा पाणी अडवून धरणारा वॉशर क्षाराने खरखरीत होऊन पाणी झिरपत होतं. कमोडच्या मागच्या कोरड्या बाजूला टिश्यू चिकटवला, दहा मिनिटांत ओला. वॉशर स्वस्त, पण बटणाच्या खिडकीतून हात घालून तो बदलणं म्हणजे दिव्य. माझी मनगटं बारीक म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं आहे. एक जुना कमोड मात्र सहा लिटरलाही दाद देत नाही, तिथे अजून दोनदा दाबावं लागतं.

दुसऱ्या मजल्यावरही एक फ्लश मंद होता. तिथे मी टँक घेणार नव्हतोच, कारण प्रेशर भरपूर. आरसा धरून कमोडच्या रिमखाली (वरच्या काठाखाली) पाहिलं, तर पाणी येण्याची भोकं क्षाराने पांढरी होऊन बंद. तारेने मोकळी केली, झालं काम.

सहाव्या मजल्याचं कोटेशन मागवलंय. भिंत फोडायची म्हणून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबलोय, तोवर तिथल्या मावशींची बादली चालू आहे.