लिनक्ससाठी मोडेम : आतला की बाहेरचा? (दोन्ही वापरून लिहितोय)

डायलअपसाठी (फोनच्या लाइनवरून इंटरनेटला जोडायला) असो नाहीतर फॅक्स पाठवायला, लिनक्सच्या मशीनला मोडेम (कॉम्प्युटरचा डेटा फोनच्या लाइनवरून नेणारं यंत्र) लावायचाय तर बाहेरचा सिरीयलवाला (मागच्या सिरीयल पोर्टला केबलने लागतो तो) घ्या आणि सुटा. आतलं, पीसीआय खाचेत बसणारं कार्ड स्वस्त पडतं, टेबलावर जागा अडवत नाही, वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही, सगळं मान्य, पण त्यातली बरीचशी विनमोडेम निघतात. म्हणजे कार्डावर फोनची लाइन जोडायची सोय तेवढी, बाकी सिग्नलची सगळी हमाली ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तुमच्या प्रोसेसरकडून करून घेणार, आणि तो ड्रायव्हर बहुतेक वेळा फक्त विंडोजचा. मग लिनक्सवाल्याने काय त्या कार्डाची पूजा करायची?

ड्रायव्हर अजिबातच नाहीत असं नाही. ल्युसेंटच्या चिपसाठी एलटीमोडेम होता, कोनेक्झंटच्या चिपसाठी लिनक्सअँट कंपनीचा, पण तो फुकटातला १४.४ केबीपीएस वेगावरच अडायचा, पूर्ण ५६के वेग पाहिजे तर लायसन्स घ्यावं लागायचं. आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की ड्रायव्हर परत बिल्ड करत बसा, वैताग नुसता.

बाहेरच्याचं सुख बघा. पोर्टला केबल लावली, स्विच ऑन, मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये टीटीवायएस-झिरो (लिनक्समधलं पहिल्या सिरीयल पोर्टचं नाव) उघडून एटी ही मोडेमची कमांड टाइप करून एंटर मारला की लगेच ओके. ड्रायव्हर वगैरे काही नाही, कारण डोकं डब्यातच आहे. मग डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ हा प्रोग्रॅम चालवा, मोडेम तो स्वतःच शोधतो आणि डायल करायच्या सेटिंगची फाइल लिहून ठेवतो. डायल टोन नाही म्हणून मोडेम अडून बसला तर इनिट स्ट्रिंगमध्ये (मोडेमला सुरुवातीला पाठवायच्या कमांडमध्ये) एटीएक्स३ टाका, टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. मला सगळ्यात आवडतात ते पुढचे दिवे, सीडी पेटला की लाइन जुळली, आरडी लुकलुकतोय म्हणजे डेटा येतोय. हँग झाला तर डब्याचा स्विच बंद-चालू, आतला हँग झाला की बऱ्याचदा अख्खं मशीन रीबूट.

यूएसबीवाला घेताना मात्र जपून, बाहेर दिसतो म्हणून चांगला असं नाही, त्यातही सॉफ्टवेअरवर चालणारे असतात. सीडीसी-एसीएम हे यूएसबी मोडेमचं स्टँडर्ड पाळणारा असेल तर टीटीवायएसीएम-झिरो या नावाने गुपचूप चालू होतो. सिरीयल पोर्टच नसेल तर यूएसबी-टू-सिरीयल कन्व्हर्टरवरही काम भागतं.

आतलाच हवा असा हट्ट असेल तर कंट्रोलर (मोडेमचं डोकं) कार्डावरच असलेला बघा, यूएस रोबोटिक्सचा ५६१० तसा आहे, लिनक्सला तो साधा सिरीयल पोर्टच वाटतो. आणि कार्ड आधीच मशीनमध्ये असेल तर एलएसपीसीआय या कमांडने चिपचं नाव बघून घ्या, खोक्यावरच्या नावाला काही अर्थ नाही, एकाच कंपनीच्या दोन कार्डांत चिपा वेगळ्या निघतात.